१९८४ ची शेव्हरोले सी १० : बिल्ला, लेबल आणि पर्यायांचा हिशेब

माळरान (सॅन अँटोनिओ)

नमस्कार मंडळी. टेक्सासात स्थायिक झाल्यापासून जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकांविषयीचे कुतूहल वाढतच गेले आहे, आणि आता एक ट्रक घ्यावा असे घरच्यांच्या संमतीने ठरले आहे. सध्या नजरेत आहे ती १९८४ ची शेव्हरोले सी १०, फक्त मागच्या दोन चाकांना चालन असलेली, आखूड हौद्याची, निळ्या-रुपेरी दुहेरी रंगाची. दोन्ही बाजूंना सिल्व्हराडोचे बिल्ले आहेत. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ट्रकमध्ये ३५० घनइंचांचे व्ही ८ इंजिन, ओव्हरड्राइव्ह (महामार्गावर इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा वरचा गिअर) असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स, इंधनाच्या दोन टाक्या, एअर कंडिशनर, विजेवर चालणाऱ्या काचा आणि वरखाली होणारे स्टिअरिंग आहे. "सगळे पर्याय असलेली गाडी" या एका वाक्यावर त्याने जी किंमत सांगितली आहे, ती त्याच वर्षाच्या साध्या सी १० च्या मानाने बरीच चढी आहे.

माझा वापर मर्यादित आहे. शनिवार-रविवारी घरासाठी माती, लाकूड, फरशा आणणे, अधूनमधून लहान ट्रेलर ओढणे आणि कधीतरी ह्यूस्टनपर्यंत महामार्गाने जाणे. या वापरासाठी कोणत्या पर्यायांना खरोखर पैसे मोजावेत, कोणते नंतर सहज बसवता येतात आणि विक्रेत्याचे म्हणणे कसे पडताळावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लोखंडपेटी (मिशिगन)

माळरान, प्रश्न योग्य वेळी विचारलात. पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : या पिढीच्या ट्रकमध्ये बिल्ला आणि यंत्रसामग्री यांचा एकमेकांशी फारच थोडा संबंध असतो.

१९७३ ते १९८७ या काळातील, जनरल मोटर्सच्या शेव्हरोले आणि जीएमसी या दोन नावांनी विकल्या गेलेल्या या ट्रकांना कंपनीने "राउंडेड लाइन" असे नाव दिले होते, पण चाहते त्यांना सरळ "स्क्वेअर बॉडी" म्हणतात. १९७५ पासून शेव्हरोलेच्या सजावटीच्या चार पायऱ्या होत्या : कस्टम डिलक्स ही सर्वांत साधी, त्यावर स्कॉट्सडेल, त्यावर शायेन आणि सर्वांत वर सिल्व्हराडो. १९८२ मध्ये शायेन वगळली गेली आणि तीन उरल्या. जीएमसीकडे त्याच ट्रकची सर्वांत वरची पायरी सिएरा क्लासिक या नावाने विकली जात असे. सिल्व्हराडो घेतली म्हणजे गालिचा, छताचे अस्तर, चांगल्या कापडाची किंवा व्हिनाइलची बैठक, इशाऱ्याच्या दिव्यांऐवजी काट्यांची मापकपट्टी, बाहेरून चकचकीत पट्ट्या आणि मागच्या फळीवरची सजावट मिळत असे. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्प्रिंगा, टाक्या, एअर कंडिशनर आणि काचांची मोटर या गोष्टी मात्र ग्राहक विक्रेत्याकडे बसून ऑर्डरच्या कागदावर वेगवेगळ्या निवडत असे.

म्हणूनच शेतकऱ्याने मागवलेल्या साध्या कस्टम डिलक्समध्ये मोठे इंजिन, जड स्प्रिंगा आणि ट्रेलरची पूर्ण तयारी आढळते, तर गावातल्या गावात फिरवण्यासाठी घेतलेल्या सिल्व्हराडोत हाताने फिरवायच्या काचा आणि लहान इंजिन आढळते. दोन्ही ट्रक कारखान्यातून तसेच बाहेर पडलेले असतात. बिल्ले तर आजही नवे विकत मिळतात आणि दोन स्क्रूंनी बसतात.

तुमचा पुरावा ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूस आहे. तेथे सुट्या भागांच्या ओळखीचे एक छापील लेबल चिकटवलेले असते. त्यावर गाडीचा ओळखक्रमांक, मॉडेलचा क्रमांक, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर) आणि त्या ट्रकवर बसवलेल्या प्रत्येक पर्यायाचा तीन अक्षरी संकेत असतो. सिल्व्हराडोचा संकेत वाय ई ९, एअर कंडिशनरचा सी ६०, वरखाली होणाऱ्या स्टिअरिंगचा एन ३३, विजेच्या काचांचा ए ३१, विजेच्या कुलपांचा ए यू ३, दुसऱ्या टाकीचा एन एल २, ट्रेलरच्या तयारीचा झेड ८२ आणि लॉक होणाऱ्या डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) जी ८०. लेबलचा स्पष्ट फोटो मागवा. लेबल फाटलेले किंवा गायब असेल तर ट्रक वाईट ठरत नाही, पण मग "सगळे पर्याय" या वाक्याला एक पैसाही जास्त देऊ नका.

सांगलीकर

मी हा विषय केवळ आवडीने वाचतो. एक मूलभूत शंका आहे. सी १० ला सगळीकडे "अर्ध्या टनाचा" ट्रक म्हणतात. आमच्याकडे बाजार समितीत उभी असलेली लहान पिकअपसुद्धा टनापेक्षा अधिक माल घेऊन जाते. मग एवढी अवाढव्य गाडी खरोखर अर्धाच टन वाहते का?

दूरचा रस्ता (शिकागो)

सांगलीकर, तो आकडा आता केवळ वर्गाचे नाव आहे. १० म्हणजे अर्धा टन, २० म्हणजे पाऊण टन, ३० म्हणजे एक टन, असे वर्ग फार पूर्वी पडले आणि ट्रक बळकट होत गेले तरी नावे तशीच राहिली. त्याआधीचे अक्षर चालनाचे आहे : सी म्हणजे दोनचाकी चालन, के म्हणजे चारही चाकांना चालन. प्रत्यक्ष क्षमता पाहायची असेल तर दारापाशी असलेल्या पट्टीवर कमाल एकूण वजन दिलेले असते, त्यातून रिकाम्या ट्रकचे वजन वजा करायचे. एकाच सी १० चे हे कमाल वजन निवडलेल्या स्प्रिंगा, टायर आणि ब्रेक यांनुसार बदलत असे, त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सी १० ची क्षमताही सारखी असेलच असे नाही.

या कमाल वजनाच्या आकड्याने एका पर्यायाला जन्मही दिला. १९७५ पासून अमेरिकेत ६,००० पौंडांपर्यंतच्या हलक्या ट्रकांवर प्रदूषणाचे कडक नियम आले, ज्यांच्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारे उपकरण) आणि शिसेविरहित पेट्रोल जवळजवळ अनिवार्य झाले. फोर्डने त्याच वर्षी एफ १५० आणली. ती एफ १०० पेक्षा थोडीशीच जड होती, पण ६,००० च्या रेषेपलीकडे होती. शेव्हरोलेने १९७६ मध्ये "बिग १०" नावाचा पर्याय देऊन तेच केले. त्याचा संकेत एफ ४४. कागदावर अर्ध्या टनाचा ट्रक, स्प्रिंगा थोड्या जड, आणि नियमातून सुटका! १९७९ मध्ये ती मर्यादा ८,५०० पौंडांवर नेली गेली आणि पळवाट बंद झाली. माळरान पाहत असलेला ट्रक १९८४ चा असल्याने त्याला कन्व्हर्टर असायलाच हवा. तो कापून काढला आहे का, हे खाली वाकून एकदा पाहा.

केतकी (ऑस्टिन)

लोखंडपेटी यांच्याशी मी सहमत आहे, पण टेक्सासात राहणाऱ्याने सी ६० ला इतर सर्व पर्यायांच्या वर ठेवावे, एवढी भर घालते. एअर कंडिशनर नंतर बसवता येतो, पण कारखान्यातून एअर कंडिशनरसह आलेल्या ट्रकचा डॅशबोर्ड, हवेचे झरोके, इंजिनाच्या खोलीतली पेटी आणि नियंत्रणाची पट्टी हे सगळेच वेगळे असते. साध्या ट्रकवर ते सारे उतरवून चढवण्याचा खर्च आणि मनस्ताप पाहता, बंद पडलेल्या मूळ सी ६० ची दुरुस्ती पुष्कळ सोपी पडते. मूळ यंत्रणा थंडावा देणाऱ्या आर १२ वायूवर चालत असे. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९९५ अखेर थांबले, त्यामुळे बहुतेकांनी आर १३४ ए वर रूपांतर करून घेतले आहे. ते नीट केले आहे की केवळ नळीचे तोंड बदलून नवा वायू भरला आहे, याची चौकशी करा.

विजेच्या काचा, कुलपे, सरकणारी मागची काच, हौद्यावर पडणारा दिवा या गोष्टी सोयीच्या आहेत, पण त्यांच्यावर किंमत चढवू देऊ नका. रेडिओकडे तर लक्षच देऊ नका. या पिढीत रेडिओची अँटेना पुढच्या काचेत बारीक तारांच्या रूपाने बसवली होती. दिसायला सुबक, पण स्टेशन पकडण्याच्या बाबतीत तिची ख्याती यथातथाच आहे.

दोन टाक्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते. १९७२ पर्यंतच्या पिढीत टाकी चालकाच्या बैठकीच्या मागे, केबिनच्या आत असे. १९७३ मध्ये ती केबिनमधून काढली, पण चासीच्या दोन पोलादी दांड्यांच्या बाहेरच्या बाजूस टांगली. त्यामुळे जागा मिळाली आणि दुसरीकडे आणखी एक टाकी देता आली. आखूड हौद्याच्या ट्रकला १६ गॅलनची, लांब हौद्याच्या ट्रकला २० गॅलनची अशी प्रत्येक टाकी असे. परंतु बाजूने धडक बसली तर टाकी चासीच्या आडोशाला नसल्याने आगीचा धोका वाढतो, हा आक्षेप पुढे फार गाजला. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने एप्रिल १९९३ मध्ये जनरल मोटर्सला हे ट्रक स्वेच्छेने परत बोलावण्यास सांगितले, कंपनीने नकार दिला आणि डिसेंबर १९९४ मध्ये सुरक्षाविषयक कार्यक्रमांसाठी ५.१ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याच्या तडजोडीवर सरकारी प्रकरण मिटले. ट्रक परत बोलावले गेले नाहीत. आजही काही मालक बाजूच्या टाक्या काढून मागच्या एक्सलच्या पाठीमागे, चासीच्या दोन दांड्यांमध्ये एकच टाकी बसवून घेतात, आणि मी तो खर्च अनाठायी मानत नाही.

वापराच्या दृष्टीने एन एल २ असलेल्या ट्रकमध्ये डॅशबोर्डवरचे बटण दाबून पाहा. इंधनाचा काटा एका टाकीवरून दुसऱ्या टाकीच्या पातळीवर गेला पाहिजे आणि दोन्ही टाक्यांवर इंजिन सुरळीत चालले पाहिजे. अनेक ट्रकांमध्ये टाकी बदलणारी झडप निकामी झालेली असते आणि मालक वर्षानुवर्षे एकाच टाकीवर गाडी चालवत असतो.

माळरान

सर्वांचे आभार. लेबलचा फोटो मागितला आहे. तोवर इंजिन आणि गिअरबॉक्सविषयी विचारतो. ३५० इंजिन ३०५ पेक्षा फार सरस असे सगळीकडे वाचले आहे. फरक खरोखर एवढा मोठा आहे का? आणि इंजिन ३५० आहे हे लेबलशिवाय कसे ओळखावे? दोघांचे बाह्यरूप सारखेच असते असे म्हणतात.

लोखंडपेटी (मिशिगन)

बाह्यरूप सारखेच असते, म्हणूनच विक्रेत्यांचे फावते. दोन्ही एकाच कुटुंबातील स्मॉल ब्लॉक इंजिने आहेत आणि दोघांवर चार नळ्यांचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर असू शकतो.

आकडे पाहा. त्या काळच्या सी १० मधील एल ई ९ संकेताचे ३०५ इंजिन १६० अश्वशक्तीचे आणि २३५ पौंड-फूट टॉर्कचे (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर), तर एल एस ९ संकेताचे ३५० इंजिन १६५ अश्वशक्तीचे आणि २७५ पौंड-फूट टॉर्कचे आहे. अश्वशक्तीत पाचाचा फरक, टॉर्कमध्ये चाळीसचा. रिकाम्या ट्रकमध्ये बसून सपाट रस्त्याने गेलात तर दोघांतला भेद कळायला कान तयार लागतो. ट्रेलर जोडून चढ लागला की ३५० चे वजन पडते, कारण तिचा टॉर्क अधिक आहे आणि तो कमी फेऱ्यांवर मिळतो. एल ई ९ चे दाबाचे प्रमाण (कॉम्प्रेशन रेशो) ९.२ असे त्या काळासाठी चढे ठेवले होते आणि इंधन अवेळी पेटल्याने होणारे ठोके ओळखून ठिणगीची वेळ मागे घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिला दिली होती. ती यंत्रणा कुणी निकामी केली असेल तर इंजिन चढावर ठोकू लागते आणि मग दोष ३०५ च्या माथी मारला जातो.

ओळखीसाठी प्रथम ओळखक्रमांक पाहा. १९८१ पासून तो १७ अक्षरांचा आहे. त्यातील आठवे अक्षर इंजिनाचे, दहावे वर्षाचे आणि अकरावे कारखान्याचे. १९८४ साठी दहावे अक्षर ई असले पाहिजे. आठवे अक्षर एल असेल तर कारखान्यातून ३५० इंजिन आले होते, एच असेल तर ३०५. अकरावे अक्षर एफ म्हणजे आमच्या मिशिगनमधील फ्लिंट, "जे" हे अक्षर म्हणजे विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिल आणि १ म्हणजे कॅनडातील ओशावा. यानंतर प्रत्यक्ष इंजिनावर प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे जी सपाट जागा आहे तिच्यावर ठोकलेले आकडे वाचा. तेथे सहसा ओळखक्रमांकाचा शेवटचा भागही असतो. चालकाच्या बाजूस, ब्लॉकच्या मागच्या टोकाला ओतकामाचा क्रमांक असतो आणि त्यावरून ब्लॉक ३०५ चा की ३५० चा हे ठरवता येते. एवढ्या जुन्या ट्रकमध्ये इंजिन बदललेले असणे गुन्हा नाही. बदललेले इंजिन मूळचे म्हणून विकणे मात्र वेगळे.

आता ज्या पर्यायाकडे जवळजवळ कोणी पाहत नाही, पण माझ्या मते ज्याने ट्रकचा स्वभाव इंजिनापेक्षाही अधिक ठरतो, तो म्हणजे मागच्या एक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती फेऱ्या मारतो ते). तुमच्या ट्रकमधील ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स म्हणजे १९८२ पासून या ट्रकांत आलेला ७०० आर ४. त्याचा पहिला गिअर ३.०६ चा आणि चौथा ०.७० चा. एक्सलचा संकेत जी यू ४ असेल तर गुणोत्तर ३.०८, जी यू ६ असेल तर ३.४२, जी टी ४ असेल तर ३.७३. इंधनटंचाईच्या काळानंतरचे हे ट्रक मायलेजच्या नादात ३.०८ किंवा त्याहूनही कमी गुणोत्तरावर विकले गेले. ३.०८ ला ०.७० ने गुणले की २.१६ उरते, म्हणजे २८ इंच उंचीच्या टायरांवर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला जेमतेम १,७०० फेऱ्या मारते. रिकाम्या ट्रकला हे झकास, पण समोरून वारा आणि मागे ट्रेलर असला की गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यात हेलपाटे घालू लागतो. ३.७३ वर त्याच वेगाला सुमारे २,०५० फेऱ्या होतात आणि इंजिन आपल्या सुखाच्या टप्प्यात राहते. तुमच्या वापरासाठी मी ३.४२ किंवा ३.७३ शोधेन.

७०० आर ४ विषयी एक सावधगिरीची सूचना. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी एक तार थ्रॉटलच्या उघडझापीनुसार आतला तेलाचा दाब ठरवते. ती तार ढिली किंवा चुकीच्या मापावर असली तर दाब अपुरा पडतो आणि आतल्या क्लचपट्ट्या थोड्याच दिवसांत जळतात. इंजिन किंवा कार्ब्युरेटर बदललेल्या ट्रकमध्ये ही तार सर्वप्रथम तपासावी.

पैलतीर (सॅक्रामेंटो)

लोखंडपेटी यांचे एक्सलविषयीचे मत मान्य, पण ३०५ ची वकिली मला पटत नाही. दोन्ही ट्रक सारख्याच स्थितीत असतील तर ३५० च घ्यावी, कारण पेट्रोलच्या खपात फारसा फरक पडत नाही आणि पुढे इंजिन नव्याने बांधायची वेळ आली तर ३५० चे सुटे भाग अधिक विपुल आणि स्वस्त आहेत.

आमच्याकडचा एक मुद्दा इतर वाचकांसाठी नोंदवतो. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या चाचणीतून सूट आहे, १९७६ पासूनच्या गाड्यांना नाही. त्यामुळे १९८४ चा ट्रक येथे मूळ प्रदूषण-सामग्रीसह तपासला जातो. लेबलवर एन बी २ असेल तर ट्रक कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार बनला आहे, एन ए ५ असेल तर उर्वरित देशाच्या. टेक्सासचा स्वस्त ट्रक पाहून येथले लोक मोहात पडतात आणि मग हरवलेल्या नळ्या-झडपा शोधत भंगारबाजार पालथे घालतात.

जी ८० विषयीही थोडे. हे डिफरन्शियल एरवी साध्या डिफरन्शियलसारखेच वागते. एक चाक घसरून दुसऱ्यापेक्षा बरेच जोरात फिरू लागले की आतला केंद्रोत्सारी नियंत्रक (गव्हर्नर) दोन्ही चाके एकत्र बांधतो, आणि वेग वाढला की ते बंधन होऊ देत नाही. ओल्या गवतावरून ट्रेलर बाहेर काढताना ते उपयोगी पडते. मात्र मोठे टायर लावून निर्दयपणे वापरले तर फुटते, म्हणून काही जण त्याला चेष्टेने "गव्ह-बॉम्ब" म्हणतात. मागची दोन्ही चाके उचलून एक चाक हाताने फिरवण्याची जी चाचणी सर्वत्र सांगितली जाते ती येथे कामाची नाही, कारण हाताच्या वेगाने हे लॉक होतच नाही.

सांगलीकर

चारही चाकांना चालन असलेला के १० का घेऊ नये? दिसायला तोच अधिक रुबाबदार वाटतो.

केतकी (ऑस्टिन)

रुबाब आहे, पण माळरान यांच्या कामाला त्याची गरज दिसत नाही. के १० ला पुढे सलग एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, तर सी १० ला पुढे स्वतंत्र निलंबन (सस्पेन्शन) आणि कॉइल स्प्रिंगा. महामार्गावर सी १० स्पष्टपणे सुखकर असते. शिवाय के मालिकेत स्टिअरिंगचा गिअर जेथे चासीला बोल्ट केलेला असतो तेथे चासीला तडे जाणे ही परिचित तक्रार आहे. १९७९ पर्यंतच्या अनेक स्वयंचलित के ट्रकांत कायम चारही चाकांना चालन देणारी एन पी २०३ पेटी होती, जी इंधन अधिक खात असे. १९८१ पासून हलकी एन पी २०८ आली आणि ती तक्रार राहिली नाही. ज्यांना चिखल-बर्फ आहे त्यांनी ८१ नंतरचा के जरूर पाहावा.

माळरान

लेबलचा फोटो आला, आणि ते सुदैवाने शाबूत आहे. लेबलवरचा ओळखक्रमांक डॅशबोर्डवरच्या पट्टीशी तंतोतंत जुळतो. आठवे अक्षर एच आहे, दहावे ई, अकरावे एफ. वाचता आलेले संकेत असे : वाय ई ९, सी ६०, एन ३३, ए यू ३, एन एल २, एल ई ९, एम डी ८, जी यू ४, एन ए ५, ई ६३. ए ३१, जी ८० आणि झेड ८२ कोठेही दिसत नाहीत. मॉडेलच्या जागी सीसी १०९०३ असे छापले आहे आणि व्हीलबेस १३१.५.

लोखंडपेटी (मिशिगन)

ट्रक फ्लिंटमध्ये बनला आहे. सिल्व्हराडो खरी आहे, एअर कंडिशनर मूळचा आहे, दोन टाक्या, विजेची कुलपे आणि वरखाली होणारे स्टिअरिंग मूळचे आहे. एम डी ८ म्हणजे तोच ७०० आर ४. विजेच्या काचा नंतर बसवल्या आहेत. इंजिन कारखान्यातून ३०५ आले होते, त्यामुळे आज आत ३५० असेल तर ती बदललेली आहे आणि नसेल तर विक्रेत्याचा दावा खोटा आहे. एक्सल ३.०८ चा आहे.

पण हे सगळे बाजूला ठेवा आणि शेवटची ओळ पुन्हा वाचा. १०७०३ म्हणजे आखूड हौदा आणि ११७.५ इंचांचा व्हीलबेस, १०९०३ म्हणजे आठ फुटी लांब हौदा आणि १३१.५ इंचांचा व्हीलबेस. ई ६३ म्हणजे सपाट बाजूंचा फ्लीटसाइड हौदा, तेवढे ठीक. तुम्ही पहिल्याच नोंदीत हौदा आखूड असल्याचे लिहिले आहे. म्हणजे हा लांब ट्रक चासी कापून आखूड केलेला आहे.

पैलतीर (सॅक्रामेंटो)

हे आता सर्रास चालते. मूळ आखूड सी १० ला संग्राहकांत मागणी इतकी आहे की लांब ट्रक स्वस्तात घेऊन चासीतून चौदा इंच काढतात, मागचे टोक छाटतात आणि आखूड हौदा चढवतात. काम निष्णात वेल्डरने केले असेल तर ट्रक सुरक्षित असतो, पण तो मूळ आखूड ट्रकच्या किमतीला विकणे योग्य नाही. विक्रेत्यालाही कदाचित ठाऊक नसेल, म्हणून आरोपाच्या सुरात बोलू नका. लेबल दाखवा आणि विचारा.

केतकी (ऑस्टिन)

स्वतः टेप घेऊन जा आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. ११७.५ च्या आसपास भरले तर शंका उरत नाही. मग ट्रक लिफ्टवर घेऊन केबिनच्या मागे ते मागच्या एक्सलच्या पुढे एवढ्या टप्प्यात चासीची आतली-बाहेरची बाजू घासून पाहा. जोड सरळ उभा कापून टोकाला टोक लावून वेल्ड केलेला असेल आणि आतून आधारपट्टी नसेल, तर मी तो ट्रक सोडून देईन. तिरकस किंवा पायरीच्या आकाराचा काप, आतून बसवलेली जाड पट्टी आणि बोल्टांची साथ असेल तर काम विचारपूर्वक झाले आहे. दोन्ही बाजूंचे कर्णही मोजा, म्हणजे चासी तिरकी जोडली गेली नाही हे कळेल.

गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्टही पाहा. लांब ट्रकला सहसा मध्ये बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा शाफ्ट असतो, आखूडला एकसंध. आखूड करताना तो नव्याने बनवून संतुलित केला नसेल तर ताशी ५५-६० मैलांवर केबिनच्या तळातून थरथर जाणवते. मागच्या ब्रेकची नळी आणि हातब्रेकची तार किती नीटपणे लहान केली आहे, हेही काम करणाऱ्याच्या हाताची साक्ष देते.

माळरान

ट्रक प्रत्यक्ष पाहून आलो. व्हीलबेस ११७.५ इंच भरला. जोड तिरकस कापाचा आहे, आतून जाड पट्टी आहे, बोल्ट आणि वेल्ड दोन्ही आहेत. सोबत आलेल्या वेल्डर मित्राने काम चांगले असल्याचे सांगितले. शाफ्ट एकसंध आहे आणि महामार्गावर थरथर जाणवली नाही. इंजिनाच्या ओतकामाच्या क्रमांकावरून ते ३०५ च निघाले. मी लेबलचा फोटो पुढे ठेवला तेव्हा विक्रेता काही वेळ गप्प राहिला आणि आपण ट्रक याच रूपात घेतला होता असे म्हणाला. किंमत त्याने बरीच खाली आणली, लांब सी १० च्या भावाच्या थोडी वर.

एक अडचण राहते. ट्रकला टाक्या १६ गॅलनच्या बसवलेल्या आहेत, पण डावीकडची टाकी निवडली की काटा पूर्ण भरल्याचे दाखवतो आणि इंजिन मात्र काही मिनिटांत गळपटते.

लोखंडपेटी (मिशिगन)

काट्याचा आणि पुरवठ्याचा दोष वेगवेगळा धरा. डाव्या टाकीतील इंधनाची पातळी मोजणाऱ्या भागाची तार तुटली किंवा त्याचे चासीशी असलेले अर्थिंग सुटले की या ट्रकांत काटा भरलेल्या खुणेच्या पलीकडे जातो. आखूड करताना तारा ओढल्या गेल्या असतील, म्हणून टाकीजवळचे जोड प्रथम तपासा. पुरवठ्यासाठी केबिनखाली चासीला लावलेली टाकी बदलणारी झडप पाहा. बटण दाबल्यावर ती टक असा आवाज करते का ते ऐका. आवाज आला तर टाकी रिकामी असण्याची शक्यता आधी तपासा, कारण काटा खोटे बोलतो आहे हे तुम्हाला आता माहीत आहे. आवाज नसेल तर झडपेपर्यंत वीज येते का ते चाचणीच्या दिव्याने पाहा. वीज येत असेल तर झडप बदला. ती महाग नाही.

आणि व्यवहार पक्का झाला तर वाचलेल्या पैशांतून आधी एक्सलचे गिअर ३.७३ चे करून घ्या. स्पीडोमीटरचा प्लॅस्टिक गिअरही त्याच वेळी बदलावा लागेल, नाहीतर वेग जास्त दाखवेल. ३०५ सध्या तशीच ठेवा, ट्रेलर ओढून पाहा आणि मग पैलतीर यांच्याशी वाद घालायला परत या.